सहा वॉर्डांचं कडं

मंगळवार, ४ मार्च
इस्पितळाचं काम मिळालं! सहा वॉर्डांच्या घंट्या — पेशंटने बटण दाबलं की सिस्टरच्या खोलीत वाजली पाहिजे. पंचवीस वर्षं तारा ओढल्याचं चीज झालं! मधोमध एक पेटी, तिथून सहा वॉर्डांना सहा तारा. माझी चांदणी! सूनबाईने नाक मुरडलं. दुकानात येऊन वर्ष नाही झालं बाईला.

बुधवार, ५ मार्च
म्हणते, "आई, मधली पेटी बंद पडली तर सहाही वॉर्ड मुके." तिला कडं हवंय — वॉर्डागणिक छोटी पेटी, एकीतून दुसरीत तार, शेवटची फिरून पहिलीला. मग प्रत्येकीची प्रत्येकीशीच जोड ना, म्हटलं. पंधरा तारा! हसली. "सहाच पुरतात. एक तुटली तर निरोप उलट्या बाजूने जातो."

पूर्वी एकाच लांब तारेवर सगळी यंत्रं टांगायचो. मध्ये तुटली की शोधता शोधता नाकी नऊ! त्यातून चांदणी माझी मी शिकले. आता ही मला शिकवणार?

गुरुवार, ६ मार्च
मोठ्या सिस्टरने कडं निवडलं. जेवले नाही.

शनिवार, ८ मार्च
अर्ध्या तारांची टोकं मीच बसवली. सूनबाई तपासायचं यंत्र घेऊन मागे आली — हाकलली! माझ्या हातचं टोक तपासायचं? डोळे मिटून आतल्या बारीक तारांचे रंग जुळवते मी.
डोळ्यांचे डॉक्टर मोतीबिंदू काढा म्हणून मागे लागलेत. काढा म्हणे! मी पडून राहिले तर दुकान कोण बघणार?

सोमवार, १० मार्च
सिस्टरने सहा बटणं दाबली, सहाही वेळा घंटा वाजली! "असं नेटकं काम हल्ली कोण करतं, बाई?" काय सांगू, जमिनीवर पाय ठरेनात. कडं असो की चांदणी, हात माझेच.
सूनबाई मात्र तिसऱ्या वॉर्डाच्या पेटीपाशी घुटमळत होती.

मंगळवार, ११ मार्च
तिसऱ्यातून चौथ्यात जाणारी तार पहिल्यापासून मेलेली होती. टोकात नारिंगी तारेच्या जागी तपकिरी बसवलेली. माझंच टोक. काल घंटा वाजली ती उलट्या बाजूने — तिच्या कड्यामुळे! तिने गुपचूप दुरुस्त केलं. खोदून विचारलं तेव्हा बोलली.
सिस्टरला स्वतः सांगून आले — टोक माझं चुकलं, डोकं माझ्या सुनेचं. सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन. दुकानाच्या किल्ल्या तिच्याकडे दिल्या.