चौथ्या गाण्यातली बाई

प्रिय बुवा,

तुझा निरोप वाचला. नव्या अल्बममधलं चौथं गाणं ठेवायचं की काढायचं, हे माझ्या होकारावर अडलंय आणि त्यापायी सगळंच खोळंबलंय, हे कळलं. आपलं लग्न मोडून इतकी वर्षं झाली, तरी तुझं घोडं माझ्यापाशीच अडतं. असो. उशीर झाला, कारण तुझे निरोप मी आले तसे वाचत नाही, साचले की वाचते.

मी आता रेडिओवर असते. पदरमोड करून अल्बम काढणारी मंडळी आमच्याकडे गाणी पाठवतात, त्यातून कार्यक्रमासाठी निवडायची. नावाड्यांच्या गाण्यांना इलेक्ट्रिक गिटार जोडणारे, मेंढपाळांच्या हाकांमागे ड्रम बडवणारे, आजीच्या अंगाईने अख्खी आळी जागी करणारे. बहुतेकांचा उत्साह दांडगा, गळा बेताचा. पण मधूनच एखादा अल्बम असा निघतो, की हातातला चहा गार होतो. कुणा चौघांनी गॅरेजमध्ये बसून वाजवलेलं असतं, त्यांचं नाव त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसतं, आणि मला दिवसभर दुसरं काही ऐकवत नाही. माझा एक नियम आहे. कव्हर पालथं ठेवायचं आणि नाव न बघता ऐकायचं. नाव कळलं की कान लबाडी करतात.

तुझ्या अल्बमची कच्ची प्रतही तशीच ऐकली. पहिली तीन गाणी बरी आहेत, ड्रम जरा आवर. चौथ्यात मागून एक बाई गाते, नावाड्याची वाट बघणारीचं ते जुनं गाणं, आणि गाणारा पुरुष सारखा तिच्या पुढे पुढे करतो. मी शेरा लिहिला, ‘बुवांना गप्प करा, बाईंना पुढे आणा.’ बुवा हा शब्द सवयीने आला, तू मला भुणभुण म्हणायचास त्या दिवसांतला. मग कव्हर उलटलं. तुझं नाव, आणि खाली, चौथं गाणं पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, जुन्या टेपवर. आपल्याच खोलीत. स्वतःचाच आवाज न ओळखता त्याची शिफारस करणारी मी पहिलीच असेन. आमचा ध्वनिमुद्रक पोट धरून हसला. मीही हसले, मग दार लावून घेतलं आणि तुझा निरोप उघडला.

वेगळं होताना वाद्यं तू नेलीस, भांडी मी ठेवली. गाण्याचं काय करायचं, ते कुणी विचारलंच नाही. ते मागे पडलं, एवढंच. दोष कुणाचा नाही.

तर माझं उत्तर नाही असं आहे. तो आवाज काढून टाक. राग म्हणून नव्हे, मला तेव्हाच्या त्या मुलीचा हेवा वाटला. गाते सुरेख, पण तिला खात्री आहे की नावाडी संध्याकाळपर्यंत परतणार. तिला काय कळलंय त्या गाण्यातलं! गेला आठवडाभर मी रिकाम्या स्टुडिओत ते म्हणून बघते आहे. वर आवाज फाटतो, खाली मात्र पूर्वी नव्हता असा लागतो. गाणं ठेव. रविवारी नव्याने गायला येते, माझ्यासाठी पट्टी उतरवून घे.

तुझीच म्हणवत नाही, पण गाण्यापुरती आहे,
भुणभुण