काळ्या फोनात सिमकार्ड

२ नोव्हेंबर, रविवार

पीयूषने आईसाठी तिसरा मोबाइल पाठवला. बंगलोरहून, कुरिअरने. सोबत चिठ्ठी — "हा एकदम ईझी आहे." माझ्या भावाचं आईवर फार प्रेम आहे. दर सहा महिन्यांनी ते डब्यात पॅक होऊन येतं.

आईला दोन वर्षांपासून समोरचं दिसत नाही. कडेचं थोडंफार दिसतं, मधोमध काळा डाग. पीयूषला हे माहीत आहे, म्हणून त्याने मोठ्या स्क्रीनचा पाठवला. म्हणजे न दिसायला जास्त जागा.

आईने काचेवर बोट फिरवलं. कुणा अनोळखी माणसाला व्हिडिओ कॉल लागला. त्याने पाच मिनिटं आमचं छत बघितलं आणि सभ्यपणे फोन ठेवला.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल मी शाळेत असताना आई मोरीजवळ घसरली. हाड मोडलं नाही. दोन तास फरशीवर बसून होती. मोबाइल हातात होता. हातात! पण तिला तो मला लावता आला नाही. टॉर्च तेवढा लागला. जिला दिसत नाही तिच्यासाठी उजेडाची सोय.

घरी आल्यावर मी म्हणाले, "वा, फरशी आवडली वाटतं." मग उचललं. हसेल असं वाटलं होतं.

आज ती म्हणाली, "या मोबाइलला भोकं नाहीत. बोट कुठे ठेवलं तेच कळत नाही. तो जुना चालू कर."

तो जुना म्हणजे कपाटावरचा काळा, डायलवाला. लॅन्डलाइन कटून सहा वर्षं झाली. आई इथे इंदूरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. बाहेरगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायची. डायल फिरवायला तिला डोळे कधी लागलेच नाहीत.

"हो, आणि दाराशी टांगा पण उभा करते," मी म्हणाले.

पण मी बावीस वर्षं पोरांना फिजिक्स शिकवते. एवढं जमू नये?

९ नोव्हेंबर, रविवार

फोन पिशवीत घालून मल्हारगंजला तुकोजींकडे गेले. रेडिओ-टेपरेकॉर्डरचे जुने कारीगर, सत्तरीचे. त्यांनी फोन उलटा-सुलटा केला. "मॅडमजी, याचा लॅम्प बनवून देऊ? सुदामा नगरच्या एका पार्टीला दिला, एकदम झक्कास."

म्हटलं, "आईला याच्यावर बोलायचंय, याच्याखाली वाचायचं नाहीये."

"मग याच्यात काय टाकायचं?"

सांगितलं. डायलमध्ये पाच फिरवला की परत येताना तो सर्किट पाच वेळा तोडतो. शून्याला दहा वेळा. आत एक छोटा बोर्ड बसवायचा, तो हे झटके मोजेल. सिमवालं मॉड्यूल तो नंबर लावेल. आईला आत काय आहे ते कळायची गरज नाही.

"लॅम्प सोपा होता," तुकोजी म्हणाले. आणि बसायला स्टूल दिलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मॉड्यूल आलं. टू-जीचं निघालं. आमच्या सिमला टू-जी म्हणजे काय तेच माहीत नाही. दिवसभर नेटवर्क शोधत बसलं, पीयूष सुट्टी शोधतो तसं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरं मॉड्यूल, फोर-जी. नेटवर्क मिळालं. आता डायल नीट मोजेना. आतल्या जुन्या धातूच्या पात्या थरथरतात, सातला आठ झटके जातात. माझाच नंबर फिरवला, तीनदा एकाच गृहस्थाला लागला. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मॅडमजी, अब तो अपन रिश्तेदार हो गए." तुकोजींनी पात्या स्पिरिटने पुसल्या, मी बोर्डाला सांगितलं की अगदी पाठोपाठ आलेला झटका मोजू नकोस. मग नंबर मलाच लागला. नातेवाईक तुटले.

घंटी राहिली. तिला सत्तर-ऐंशी व्होल्ट लागतात, बोर्डाकडे पाच. मध्ये व्होल्टेज वाढवणारी एक पट्टी टाकली. वाढवते हे मला बोटाने कळलं. तुकोजी प्रेमाने म्हणाले, "लॅम्पमध्ये हे होत नाही."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

फोन घरी आणला. मोबाइलवरून नंबर लावला आणि घंटी वाजली. खरी घंटी, धातूची. आई स्वयंपाकघरातून भिंतीला हात न लावता सरळ चालत आली आणि रिसीव्हर उचलला.

मी म्हणाले, "बघ, म्हणजे तुला दिसतं तर."

तिने रिसीव्हर खाली ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आईने सकाळी फोनसमोर बैठक मारली. तोंडपाठ नंबर. एक्सचेंजच्या मैत्रिणी, शेजारी, सगळे लॅन्डलाइन. अकरा फिरवले. अकराही वेळा ती रेकॉर्डवाली बाई — यह नंबर मौजूद नहीं है. आई दर वेळी तिला "बरं" म्हणायची.

मी म्हणाले, "चला, यमदूतांनी लिस्ट बरोबर पाळली आहे."

बारावा लागला. मानपूरचा, हायवेवरच्या हार्डवेअरच्या दुकानाचा. आईबरोबर ट्रंकच्या बोर्डावर बसणाऱ्या सरलाताई रिटायर होऊन मुलीकडे गेल्या, त्या मुलीचं दुकान. तिकडून बाईचा म्हातारा आवाज आला, "कोण?"

आई ताठ बसली. तिचा हा आवाज मी लहानपणी ऐकला असेल. म्हणाली, "इंदूर ट्रंक. बोला."

तिकडे कुणीतरी रडायला लागलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आता रोज. मी शाळेत निघाले की आई डायल फिरवते. सरलाताईंचे गुडघे गेलेत, त्या दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर फोनजवळ बसलेल्या. माझ्याशी आई दिवसाला आठ वाक्यं बोलते, त्यातली चार "हो." इतकी मेहनत करून मी सरलाताईंना एक मैत्रीण बनवून दिली. कारागिरी म्हणतात ती ही.

२ डिसेंबर, मंगळवार

शाळा अर्धी सुटली. दीडला घरी. दार लोटलेलं होतं, आत आईचा आवाज. चप्पल काढली आणि तिथेच थांबले.

"यामिनी फार करते ग. औषध, आंघोळ, सगळं वेळेवर. हा फोनसुद्धा तिनेच केला. पण प्रत्येक गोष्टीबरोबर एक टोमणा येतो. पाणी दिलं तरी टोमणा. आता मी तहान लागली तरी मागत नाही. ती दमते, हे कळतं मला. पण मी तरी काय करू, सरला? दिसत नाही म्हणून ऐकू जास्त येतं."

मी परत बाहेर आले. कोपऱ्यापर्यंत गेले. उन्हात उभी राहिले. अर्ध्या तासाने मोठ्याने कडी वाजवून आत गेले, जणू आत्ताच आले.

३ डिसेंबर, बुधवार

आज एकही टोमणा मारला नाही. जेवताना कळलं की टोमणे काढले तर माझ्याकडे बोलायला काही उरतच नाही.

आईने वरणात चमचा फिरवला. "बरं वाटत नाही का तुला?"

"ठीक आहे."

"ताप आहे का बघ."

या वहीची मागची पानं वाचून काढली. वाटायचं, इथे तरी मी एकटीच वाचणारी, इथे काहीही लिहिलं तर चालतं. पण जे इथे लिहिलं तेच तर तिला रोज बोलून दाखवत होते. यमदूतांचं वाक्य मला तेव्हा फार छान वाटलं होतं. त्या अकरा नंबरांवर तिची माणसं होती.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी आई म्हणाली, "उद्या मंगला गाडी घेऊन येतेय. सरलाची मुलगी. मी महिनाभर मानपूरला जाते. सरलाचे पाय चालत नाहीत, माझे डोळे. दोघी मिळून एक माणूस होतो."

जिभेवर तीन वाक्यं आली. तिन्ही गिळली. विचारलं, "आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

पीयूषचा फोन. "दीदी, तू आईला पाठवतेयस?" म्हटलं, "ती जातेय." तो म्हणाला, "तेच ते." तेच नाही, पण त्याला समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. आहेत ते सगळे टोमण्यांचे.

तिच्या साड्या घड्या केल्या. औषधांच्या डब्यांना रबरबँड लावले — सकाळच्याला एक, दुपारच्याला दोन, म्हणजे तिला बोटाने कळेल. फोन सुती पातळात गुंडाळला. ॲडॅप्टर वेगळा.

७ डिसेंबर, रविवार

आत्ता चहा देताना सांगून टाकलं. "आई, मंगळवारी मी दारात होते. सगळं ऐकलं."

"माहीत आहे. रिक्षा थांबली ते ऐकलं. तू चप्पल काढलीस तेही."

"मग बोलायचं का थांबली नाहीस?"

"तोंडावर सांगायची हिंमत नव्हती," आई म्हणाली. "फोन हातात होता म्हणून जमलं. सरलाने तर रिक्षा थांबायच्या आधीच ठेवला होता."

साडेनऊ झालेत. मंगलाची गाडी साडेदहाला येईल. आई आत एकटी बसली आहे. वही मिटते.