सोमवार, गुरुवार आणि एक संत्रं

६ जानेवारी, सोमवार
डॉक्टरांनी धमकी दिली. तीन महिन्यांत वजन आणि शुगर उतरली नाही तर इन्सुलिन. म्हणजे सुई. रोज. पोटात. मी सुईला भीत नाही, फक्त बघवत नाही. आठ किलो उतरवायचे. माझ्या विलपॉवरपुढे आठ किलो म्हणजे काय! बायको आणि सून ऋतुजा यांनी हॉस्पिटलच्या डायबेटिस क्लासला नाव घातलं. फॅमिली सपोर्ट लागतो म्हणे. जाऊ देत, तेवढाच त्यांना विरंगुळा.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. दाण्या-गुळाची शेंगापोळी, तीही एकच! अर्धं ताट भाजी, पाव भाकरी, पाव डाळ. क्लासचा हुकूम, घरात सगळ्यांना तेच. गुळाचा डबा कपाटात, किल्ली बायकोच्या कमरेला. हे घर नाही, सबजेल आहे.

२० जानेवारी, सोमवार
तोडगा सापडला. सिद्धेश्वराचा म्हणून सोमवारचा उपवास धरला. खाणंच नाही तर शुगर कुठली? देवाचं नाव घेतल्यावर कपाट उघडलं. खिचडी दोन वाट्या, रताळं, शेंगदाण्याचे लाडू. ऋतुजा म्हणाली, पप्पा, साबुदाण्यानं शुगर वाढते, आणि गोळ्या चालू असताना उपवास नको म्हणतात. म्हटलं, तुमच्या क्लासला सिद्धेश्वर माहीत आहे का?

६ फेब्रुवारी, गुरुवार
आजपासून गुरुवारही. वजन दीड किलो वाढलं. काटा बिघडलाय. त्याच काट्यावर बायको चार किलो उतरली. तिच्यापुरता बरोबर असेल.

२ मार्च, रविवार
पहाटे मित्र नागप्पाबरोबर वॉक. गाडीवर भजी, रिक्षाने परत. बायको दारातच. तोंडाचा वास घेतला! दारुड्यालाही कुणी असं वागवत नाही. नंतर नागप्पाचा फोन. आता भजी बंद म्हणाला. बायकोनं त्याला गाठून सांगितलं होतं, भावजी, ह्यांना चारू नका की, मला हे लई दिवस पाहिजेत. मला जरा कसंतरीच झालं. मग नागप्पाचा राग आला. फितूर.

२७ मार्च, गुरुवार
फ्रीजमध्ये कोथिंबिरीमागे संत्रं! मला फळ मोजून आणि स्वतः लपवून. हाच का सपोर्ट? उपवासाला फळ चालतं. खाल्लं. पाणचट. सालीवर बारीक भोकं होती, कीड असावी. संध्याकाळी बायको फ्रीज धुंडाळत होती. मी पेपर वाचत राहिलो.

७ एप्रिल, सोमवार
रिपोर्ट आला. शुगर वर, वजन वर. इन्सुलिन. मी लॅबला दोष द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, घरी सुई कोण देणार? बायको म्हणाली, मी देते की. क्लासमध्ये शिकले. घरी संत्र्यावर हात बसवला, ह्यांना दुखायला नको म्हणून. वेळ येऊ नये म्हणून रोज देवाला हात जोडत होते, असंही म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी शर्ट वर केला, डोळे गच्च मिटले. कधी टोचली कळलंसुद्धा नाही. तिचे डोळे ओले होते. सुई चालू झाली, आता उपवास बंद, म्हणाली. ताट पुढे सरकवलं. भाकरी, मेथी, डाळ. कडेला संत्र्याच्या दोन फोडी. म्हणाली, ह्याला भोकं न्हाईत. खावा.