सरावात सापडलेला खांदा

चोआ चू कांग, मंगळवार संध्याकाळ

शनिवारी ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटची परीक्षा, आणि वाचनात लक्षच नाही. मघाशी सरावासाठी नवऱ्यालाच पेशंट केलं. लकव्याच्या पेशंटला शर्ट घालताना आधी अधू हात बाहीत घालायचा, एवढंच करून बघायचं होतं. त्याचा डावा हात उचलला तर तो कळवळला. मला वाटलं, नाटक करतोय.

"खरंच दुखतोय खांदा," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. तुझी परीक्षा झाली की सांगणार होतो."

दिवाळीपासून. मी रोज खांद्यांचे आजार पाठ करतेय आणि शेजारी झोपणाऱ्याचं मला कळू नये? डॉक्टरकडे चल म्हटलं तर शनिवारनंतर बघू म्हणतो. त्याचा जुरोंग आयलंडचा पास माझ्या पर्समध्ये टाकलाय. त्याशिवाय त्याला कामावर आत घेत नाहीत. उद्या आधी डॉक्टर.