ठिपका काढलास ते उत्तम

३ फेब्रुवारी, सोमवार
उजवा डोळा गेला तो गेलाच. आता सगळी भिस्त डाव्यावर. डॉक्टरीणबाईंनी एक कार्ड दिलं आहे – चौकटींची जाळी, मधोमध काळा ठिपका. "रोज सकाळी ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली, ठिपका पुसट झाला, तर त्याच दिवशी या. उशीर केलात तर माझ्या हातात काही उरणार नाही."
कार्ड फ्रिजवर लावलं. तोंड आतल्या बाजूला करून.

५ फेब्रुवारी
भाचीने स्वतः केलेला व्हिडिओ गेम टॅबवर घालून दिला. "मावशी, छापखान्यात तीस वर्षं लोकांची वाक्यं कापलीस ना? आता माझा खेळ काप. नको ते सांग, मी काढून टाकते."
मी आणि खेळ! पण चांगला निघाला. पांढरा पडदा, थोड्या काळ्या रेघा, एक ठिपका. तो बोटाने रेघांमधून पलीकडे न्यायचा, बस. ना गुण, ना नाणी, ना ढणढण संगीत. कमीत कमी दाखवलंय, बाकी आपण मनाने भरायचं. तासभर डोळ्याची धास्ती विसरले.
तरी कळवलं – सावल्या काढ. कोपऱ्यातलं घड्याळ काढ.

८ फेब्रुवारी
काढलं! "कसलं सुटसुटीत झालं गं!" म्हणाली.
कार्ड आज बघायचंच, असं ठरवून उठले. चहा केला. फ्रिजकडे पाठ करून प्यायले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधल्या, आणि आता ही तऱ्हा!

११ फेब्रुवारी
भीती वाटते. इथे लिहायला काय हरकत आहे.

१३ फेब्रुवारी, सकाळ
पोरगी भलतीच धीट निघाली – मला न विचारता ठिपकाच काढून टाकला! आता रेघांवरून अंदाजाने बोट सरकवायचं. मधेच कडेला काहीतरी काळं हलतं, नीट बघायला जावं तर नाहीच. अंगावर काटा आला. याहून कमी काय असणार!
फोन उचलला नाही तिने. निरोप ठेवला – "ठिपका काढलास ते उत्तम. परत घालू नकोस."

१३ फेब्रुवारी, दुपार
तिचा फोन. "मावशी, मी ठिपका काढलेला नाही. चपला घालून दारात थांब, गाडी घेऊन निघालेय."
कार्ड सुलट केलं.
रेघा आहेत.