चार वाजताचा वर्ग

श्रेयस,

तू झोपलायस म्हणून लिहून ठेवते. तू सांगितलेल्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत आप्पांसाठी खोली बघायला बेळगावला चालले. भाकरी डब्यात हाय. त्यांना दिवस मावळायच्या आत वाढ.

चार वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून फळ्यापुढं बसतील. ट्यूशनची पोरं दिवाळीपासनं येत न्हाईत, ते बोलू नकोस. समोर तूच बस. इंग्रजी शब्दांची कार्डं कपाटात बिडीच्या कट्ट्यागत दोऱ्यानं बांधलीत: पुढं जोडायचे तुकडे, मूळ शब्द, शेवटी लावायचे तुकडे. आप्पा आता तिन्ही भलतेच जोडतात आणि नसलेला शब्द वाचायला लावतात. मुकाट्यानं वाच. काल मी चूक दाखवली, तर त्यांनी स्वतःच्याच हातावर छडी मारून घेतली.

आप्पा उठल्यावर तुला 'कोण पाहिजे?' विचारतील. पोटच्या पोराला वळखत न्हाईत, लावून घेऊ नकोस. हजेरीत मात्र रोज पहिलं नाव तुझंच घेतात, आणि उत्तराची वाट बघत थांबतात.

संस्थेचा फॉर्म टीव्हीजवळ हाय. माझी सही झालीय. तू आधी 'येस सर' म्हण, मगच तुझी कर.

क्षमाआक्का