पहिल्या ओळीतलं शून्य

२ मार्च, सकाळी ६.१०
डेपोत दारू तपासायचं नवीन मशीन आलं. गाडी बाहेर काढण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने नळीत फुंकायचं, मी आकडा वाचून रजिस्टरमध्ये लिहायचा. मात्र सगळ्यात आधी, रांगेसमोर, तपासणाऱ्याने स्वतः फुंकायचं असा नियम आहे. तपासणारा म्हणजे मी. अकरा वर्षं रोज पहिल्या ओळीत माझ्यापुढे शून्य. जुनं मशीन जरा समजूतदार होतं. हे नवीन म्हणे कालच्या संध्याकाळची चुगलीही करतं. करू दे. दोन पेगचा माणूस मी, तेही घरी, आठच्या ठोक्याला.

३ मार्च
मफलरचा आकडा ०.०२ आला. (हा ड्रायव्हर भर उन्हाळ्यातही मफलर काढत नाही.) आकडा शून्यावर येईपर्यंत बाकावर बसवला. हा बाक सगळ्यांना दिसावा म्हणून गेटसमोर मीच ठेवायला लावला होता. शिस्त या विषयावर त्याला दहा मिनिटं ऐकवलं. तो म्हणाला, काल तीनच घेतले होते आणि झोपही पूर्ण झाली होती. घरी येईपर्यंत माझ्या मनात तेच घोळत होतं.

४ मार्च
मोबाइलवर एक लेख आला. ग्रेपफ्रूट दारूला शरीरात टिकू देत नाही, मुळासकट उपटतं. खाली डॉक्टरांचा फोटोही आहे, गळ्यात स्टेथोस्कोप. सहा ग्रेपफ्रूट आणली. दिसायला मोसंबीचा थोरला भाऊ, चवीला सावत्र. हिने विचारलं, कुणाशी पैज लावली आहे का. व्हिटॅमिन सी म्हणालो. बायकोला सगळंच सांगायचं नसतं.

७ मार्च
शून्य. सलग तिसरं. शून्य आधीही यायचं, पण ते नशिबाचं होतं. हे शास्त्राचं आहे.

१० मार्च
तीन पेग घेऊन पाहिले. एक ग्लास रस आधी, एक नंतर. शून्य! जाता जाता आणखी एक निरीक्षण: रम हल्ली सौम्य लागते, रंगही फिका दिसतो. ग्रेपफ्रूटने जीभ आणि नजर दोन्ही तयार होत असावी. शिवाय बाटली जास्त दिवस पुरते. बाटली हिच्या ताब्यात, स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे असते. आठला ती काढून देते, नऊला परत नेते. घरातही शिस्त हवी.

१४ मार्च
खुर्चीतून उठताना चक्कर आली. विष बाहेर पडत असणार.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला गेलो होतो, तेव्हा औषधवाल्याकडे सहज विषय काढला. तो म्हणाला, काका, ग्रेपफ्रूट दारूच्या वाटेलाच जात नाही. दारू आपल्या गतीने उतरते, तिला कुणी घाई करू शकत नाही. पण तुमची जी गोळी आहे, ती शरीरात मोडायची वाट हे फळ अडवतं. गोळी अंगात साचते, प्रेशर फार खाली येतं, म्हणून चक्कर. फळ आजच बंद करा आणि डॉक्टरांना भेटा.

मुलगा हुशार आहे, पण पुस्तकी. याने फक्त गोळ्या विकल्यात, मी अकरा वर्षं आकडे वाचलेत. तरी त्याच्या बोलण्यातून एक मुद्दा मिळाला. फळाचं अर्धं लक्ष गोळीकडे जातं. तेव्हा उद्यापासून रस दुप्पट.

१९ मार्च
चार पेग. शून्य. आता मलाच माझं आश्चर्य वाटेनासं झालं आहे.

मॅनेजरने बोलावलं होतं. २८ तारखेला मुख्य ऑफिसमधून मोठे साहेब येणार, सकाळची तपासणी प्रत्यक्ष बघणार आणि मला शील्ड देणार. अकरा वर्षं शून्य. शील्डवर माझं नाव कोरायलाही दिलं आहे. घरी येऊन हिला सांगितलं. ती हसली, पण पीठ मळताना थोडा वेळ थांबली. आनंदाने असणार.

२१ मार्च
मफलरला बाजूला घेऊन फॉर्म्युला सांगितला. मोठ्या मनाने. तो म्हणाला, एवढं कडू प्यायचं तर माणूस पितोच कशाला. गाढवाला गुळाची चव काय.

२७ मार्च, संध्याकाळी
उस्ताद रिटायर झाला. डेपोतला सगळ्यात जुना मेकॅनिक. त्याच्या घरी बसलो होतो, आत्ताच परतलो. त्याने खास माझ्यासाठी सीलबंद बाटली फोडली. उद्या साहेब येणार म्हणून थर्मासमधून रस नेला होता. दोन ग्लास आधी, दोन नंतर. कवच पूर्ण. पाच पेग झाले. त्याची रम फारच गडद आणि तिखट निघाली, घसा जाळत गेली. उस्ताद स्वस्तातली आणतो वाटतं. अक्षर आज जरा तिरकं येतंय. पेन बदलायला हवं.

२८ मार्च, सकाळी ७.४०, बाकावरून
०.०४.

साहेब समोर. मॅनेजर समोर. मागे सगळी रांग. मी म्हणालो, मशीन नवीन आहे, चुकत असेल. पुन्हा फुंकलं. ०.०४. मग मीच कपाटातलं जुनं, समजूतदार मशीन आणायला लावलं. त्यानेही ०.०४ दाखवलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. रजिस्टरच्या पहिल्या ओळीत आकडा माझ्याच अक्षरात लिहिला.

बाकाकडे चालताना चक्कर आली. मफलरने धरून बसवलं. वाटलं, आता दहा मिनिटं शिस्तीवर ऐकावं लागणार. पण त्याने गार वारा आहे म्हणून मफलर काढून माझ्या गळ्यात टाकला आणि गाडी काढायला गेला. त्याने ऐकवलं असतं तर बरं झालं असतं. गेटमधून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी माझ्यासमोरून जाते आहे. आज फार लाज वाटते आहे.

२८ मार्च, दुपारी
हिला सगळं सांगितलं. ग्रेपफ्रूटसकट. वाटलं, आता आकाशपाताळ एक करेल. तिने एवढंच विचारलं, उस्तादांची बाटली सीलबंद होती का. हो म्हणालो. ती म्हणाली, तरीच.

मग तिने सांगितलं. ज्या दिवशी मला ही ड्यूटी मिळाली, त्या दिवसापासून घरात आलेल्या प्रत्येक बाटलीत ती पाणी घालते आहे. आधी अर्धं. या महिन्यात तुम्ही पेग वाढवत गेलात, मी पाणी वाढवत गेले, म्हणाली. गेल्या आठवड्यात तुमच्या चारात मिळून एकसुद्धा धड नव्हता.

मी विचारलं, अकरा वर्षांत एकदाही सांगावंसं वाटलं नाही? ती म्हणाली, रोज सकाळी शून्य आलं म्हणून सांगत छाती काढून घरात यायचात. कसं सांगणार.

मग तिने उरलेली ग्रेपफ्रूट उचलली आणि मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. वाटेत औषधवाल्यापुढे दोघांना उभं केलं, फळांनाही आणि मलाही.

३० मार्च
तपासणीची ड्यूटी आजपासून मफलरकडे. पहिल्या ओळीत तो फुंकणार.

शील्ड मात्र घरी आलं. नाव कोरलेलं असल्यामुळे दुसऱ्या कुणाला देता येत नाही, असं मॅनेजर म्हणाला. मी ते पिठाच्या डब्यामागे ठेवलं. ही म्हणाली, पीठ काढताना मध्ये येतं, बाहेरच्या खोलीत ठेवा. मी म्हणालो, राहू दे, तुझंच आहे. तिने ते पुसून डब्याच्या पुढे ठेवलं.

आठ वाजता तिने नेहमीप्रमाणे ग्लास आणून दिला. एक घोट घेतला. रोजचीच चव. समाधान वाटलं. मग ग्लास दिव्यासमोर धरून पाहिला.

नुसतं पाणी होतं.